कॉट बेसिसवरची फॅशन

पुण्यात शिकायला आलेल्या मुलाच्या महिन्याच्या हिशेबात कपड्यांचं खातं नसतं. खोलीभाडं असतं, मेस असते, अभ्यासिकेची फी असते, रिचार्ज असतो आणि झेरॉक्स असते. कपडे या झेरॉक्समध्ये असतात. गावाकडे वडील हिशेब वाचतात, झेरॉक्सचे नऊशे रुपये बघतात आणि त्यांना बरं वाटतं. पोरगं एवढे कागद काढतंय म्हणजे त्यातले निम्मे तरी वाचत असणार. त्याच नऊशेची कार्गो पँट इकडे आमच्या गच्चीतल्या दोरीवर वाळत असते. तिला सहा खिसे असतात. एकातही कागद नसतो.

हे मला ठाऊक, कारण वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही कॉट बेसिसवर देतो. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, यात खोली मिळत नाही, कॉट मिळते. कॉटखालची जागा तुमची, वरची हवा सार्वजनिक. सध्या पुढच्या खोलीत चौघे आहेत : लातूरकर, सांगलीकर, जळगावकर आणि यवतमाळकर. नावं सांगत नाही, चौघांचीही लग्नं व्हायची आहेत.

कोणता शर्ट कुणाचा, हे ओळखायचा नाद मी सोडून दिला आहे. एक मेहंदी रंगाचा, कॉर्डरॉयचा शर्ट आहे. सोमवारी तो लातूरकराच्या अंगावर इंजिनिअरिंगला जातो, बुधवारी जळगावकराबरोबर कॉमर्सला, आणि शनिवारी सांगलीकराबरोबर कुठे जातो ते सांगलीकर सांगत नाही. जिना उतरताना पहिल्यांदा शर्ट दिसतो, तो मी लगेच ओळखतो. आत कोण आहे हे चपला घालताना बोलायला लागल्यावर कळतं.

मी एकदा सांगलीकराला विचारलं, "अरे, तुमचं हे नक्की चालतं कसं?"

"काय विषय नाय काका," तो म्हणाला. "साइज एक पायजे आन कॉलेज येगळं पायजे."

पहिलं माझ्या लक्षात आलं, दुसरं यायला वेळ लागला. आमच्या वेळी एकच शर्ट आठवडाभर घातला तरी बघणारा विसरून जायचा. आता दर घडीला फोटो निघतो आणि तो कुणीच विसरत नाही. एकाच मुलाच्या दोन फोटोंत एकच शर्ट दिसला की खाली लगेच कुणीतरी लिहितं, "भावा, धुतलास का?" पण तोच शर्ट चार कॉलेजांत चौघांच्या अंगावर दिसला तर तो चार वेगळे शर्ट असतो. प्रत्येकाचे चार, म्हणजे प्रत्येकाकडे सोळा. पैसे न वाढवता कपडे चौपट करायची ही युक्ती कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलेली नाही. कपड्यांतली बचत एकट्यादुकट्याला जमत नाही, त्याला माणसं लागतात, हे मला या पोरांनी शिकवलं.

म्हणूनच खोलीत नवा मुलगा यायचा असला की त्याची मुलाखत होते. गाव, आडनाव, व्हेज की नॉनव्हेज, असलं काही विचारत नाहीत. छाती विचारतात. मध्यंतरी नाशिकचा एक फार गुणी मुलगा आला होता. नम्र, अभ्यासू, स्वतःची बादली घेऊन आलेला. मला पसंत होता. वरून नकार आला. जळगावकर हळहळत म्हणाला, "काका, वागायला सोन्यासारखा आहे हो, पण चव्वेचाळीस."

खोलीचे कायदे दोनच. नव्या कपड्याची घडी मोडायचा मान मालकाचा. आणि जो घालील तो धुवील. पहिला कायदा कसोशीनं पाळतात. दुसऱ्याचा अर्थ असा लावला आहे की जो शेवटी घालील तो धुवील, आणि आपण शेवटचे आहोत असं चौघांपैकी कुणालाच कधी वाटत नाही. त्यामुळे झेरॉक्सखालोखाल या खोलीचा मोठा खर्च डिओचा आहे.

खरेदीचं तीर्थक्षेत्र म्हणजे कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. २०२१ च्या मार्चमध्ये रात्री आग लागून इथली शेकडो दुकानं जळाली. विक्रेत्यांनी ती पुन्हा उभी केली, आणि भावही पूर्वीइतक्याच उंचीवरून सांगायला सुरुवात केली. पोरं पहिल्यांदा आपापली गेली तेव्हा सांगितलेल्या भावात पन्नास रुपये कमी करून विजयी मुद्रेनं परतली. आमच्या हिनं शर्ट हातात घेतला, किंमत विचारली आणि कपाळावर हात मारला. हिचं माहेर तुळशीबागेला लागून. नारो आप्पाजींनी १७६१ साली तिथं राममंदिराचं काम सुरू केलं, आणि आता त्या देवळाभोवती अख्खा बाजार आहे. रामाच्या दारात, दोन्ही बाजूंनी खोटं बोलत भाव करायचा म्हणजे अंगी धीर लागतो. हिला तो बाळकडूतूनच मिळाला. पुढच्या रविवारी पोरांना घेऊन ती स्वतः कॅम्पात गेली. पिशव्या धरायला मी.

निघतानाच पहिला धडा. चौघे ठेवणीतले कपडे घालून, अत्तराचा दरवळ सोडत खाली आले. हिनं त्यांना परत वर पाठवलं. "बुटांकडे बघून भाव सांगतात ते. स्लीपर घाला." दुसरा धडा, हवा असलेल्या शर्टाकडे बघायचं नाही, शेजारच्याकडे बघायचं. शर्ट हेरून ठेवला होता निळा. हिनं चॉकलेटी उचलला.

"कितने का है?"

"साढ़े सातसौ, भाभी. एक्सपोर्ट का माल है."

हिनं शर्ट उलटा केला, काखेतली शिवण दोन बोटांनी ताणून बघितली, कॉलर नखानं खरवडली, आणि एखाद्या आजारी माणसाला भेटून आल्यासारखा चेहरा केला. "बटन ढीला है."

"लगा देता हूँ ना. बोनी का टाइम है, भाभी."

दुपारचे चार वाजले होते.

"दोनशे," ही मराठीत म्हणाली. निर्वाणीचा आकडा ही मराठीतच सांगते.

विक्रेत्यानं आकाशाकडे पाहिलं. "दोसौ में तो कपड़ा भी नहीं आता, भाभी!"

"मग कापड नकोच. शर्ट द्या."

यावर तो माणूस हसला, आणि हसला तिथंच हरला. पण शेवटचा डाव बाकी होता, पाठ फिरवण्याचा. याची चाल शिकावी लागते. भरभर गेलं तर गिऱ्हाईक गेलंच असं त्याला वाटतं, रेंगाळलं तर डाव कळतो. ही दोन दुकानं ओलांडून तिसऱ्यापाशी चपलेचा पट्टा नीट करायला वाकली, आणि मागून हाक आली, "चलो, ढाईसौ ले लो!" मग परत जाऊन, पैसे मोजता मोजता, अगदी सहज, "हा नको, त्याच भावात तो निळा द्या."

पोरं थक्क झाली. नंतर त्यांनी आपापलं नशीब आजमावलं. लातूरकराला पाठ फिरवणं जमलं, पण कुणी हाकच मारली नाही, आणि मानी मराठवाडी माणूस परत फिरेना. त्या ट्राउझर्सची आठवण तो अजून काढतो. यवतमाळकराची तऱ्हा निराळी. विक्रेत्यानं त्याला आपल्या मुलीच्या बारावीनंतरच्या ॲडमिशनचं सांगितलं, तर यानं सांगितलेली पूर्ण किंमत दिली, वर कोणत्या कॉलेजचा कटऑफ किती तेही समजावून आला. "मले वाईट वाटलं ना काकू," म्हणाला. काकू पुढच्या रविवारपर्यंत त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

'एक्सपोर्ट का माल' हा मात्र निव्वळ बनाव नसतो. परदेशी ऑर्डर पुरी करताना कारखाने खराब निघणारे नग धरून थोडा जास्त माल शिवतात. उरलेला आणि नापास झालेला व्यापाऱ्यांकडे जातो, तिथून रस्त्यावर येतो. कंपनीचं नाव दिसू नये म्हणून लेबल अर्धं कापलेलं असतं. जळगावकर उरलेल्या अर्ध्या लेबलावरून कंपनी सांगतो. त्याचा सिद्धान्त असा की लेबल अखंड असेल तर माल खोटा, कापलेलं असेल तर खरा. हा सिद्धान्त बहुधा विक्रेत्यांच्याही कानावर गेला असावा, कारण हल्ली त्या रस्त्यावर अखंड लेबल दिसतच नाही.

जीन्सचं प्रकरण अधिक नाजूक आहे. ट्रायल रूम नाही. तेव्हा विक्रेता जीन्सचं बटण लावतो, कमरपट्टा आडवा धरतो आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळतो. दोन्ही टोकं मानेमागे टेकली की कमरेला बसणार. गळा कमरेच्या साधारण निम्मा असतो, या भरवशावर हा बाजार चालतो. जळगावकर त्याच सुमारास जिमला जायला लागला होता. सहा महिन्यांत मान भरली, कंबर होती तिथंच राहिली. जीन्स गळ्याला अचूक बसली. कमरेला आत एक पाव किलो शेंगदाण्यांची पुडी मावते.

मग ती जीन्स कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे जाते. दोन दुकानांच्या मधल्या बोळात मशीन टाकून बसणारा हा माणूस फॅशनचा खरा इतिहासकार आहे. पाच-सात वर्षांपूर्वी पोरं ढगळ पँटी आणून नळीसारख्या आवळून न्यायची. आता त्याच पँटी घेऊन त्यांचे धाकटे भाऊ येतात, मोकळ्या करून द्या म्हणतात. मास्तरांना याचं आश्चर्य वाटत नाही. आवळतानाच ते आत दीड इंच माया सोडून ठेवतात. "परत येणार, माहीत असतं," म्हणतात. रेडिमेडमध्ये माया नसते, ही त्यांची जुनी तक्रार आहे.

तशी जीन्स ही मुळात मजुराची पँट. कष्टाच्या कामात खिसे फाटायचे म्हणून कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकायची कल्पना निघाली, आणि लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस यांनी १८७३ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. आज दीडशे वर्षांनी तेच रिव्हेट ठोकून खिसा शाबूत ठेवतात आणि गुडघा फाडून देतात. आमच्या पिढीनं पहिली 'यूएसए'ची जीन्स घातली ती बहुतेकांची उल्हासनगरची होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंध्यांनी तिथं धंदा असा उभा केला की यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद रूढ झाला. पण ती जीन्स फाटायची तर नाही. मध्ये लातूरकराची आई आली होती. दोरीवर गुडघ्यात फाटलेली जीन्स बघून ती रागावेल, निदान सुई-दोरा मागेल, असं मला वाटलं होतं. तिनं तसलं काही केलं नाही. शांतपणे विचारलं, "फाटकी म्हणून किती कमी केले रे?" फाटकी म्हणून दोनशे जास्त लागले, हे तिला सांगायची हिंमत चौघांपैकी एकालाही झाली नाही. तेही झेरॉक्समध्ये गेले.

मुलींचं शास्त्र वेगळं, आणि माझा त्यात अधिकार नाही. शेजारच्या वाड्यातल्या मुलींवरून एवढंच सांगू शकतो की त्या कपडे बदलत नाहीत, कानातलं बदलतात. एक काळा कुर्ता, आणि डेक्कनच्या हाँगकाँग लेनमधून आणलेले झुमके पिशवीभर. कुर्ता नवा आहे की कालचाच, याचा बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. साडी डे आला की आईचं कपाट उघडतं. बिनपैशाची अशी दुसरी फॅशन नाही. अडचण फक्त ब्लाउजची. आईच्या मापाचं ब्लाउज पाठीमागे सेफ्टी पिनांनी आवळून या मुली दिवसभर भिंतीला टेकून फोटो काढतात.

ऑनलाइन सेलबद्दल मी फार बोलू नये, कारण तिथं पोरांचा हिशेबच मला कळत नाही. अठराशेची खरेदी करून "बाराशे वाचले" म्हणत ती खाली येतात. वाचलेले कुठे आहेत विचारलं तर मोबाइल दाखवतात. डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचवायला तीनशेचे मोजे घेतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के जीएसटी झाला, तेव्हा जळगावकर पेपर घेऊन धावत आला. "काका, आधी हजाराच्या वर बारा टक्के होता. आता सरकारच म्हणतंय घ्या." मी विचारलं, "तू हजाराच्या वरचं काय घेतोस?" तो म्हणाला, "घेत नाही. पण आता घेतलं तर परवडेल."

कपड्यांच्या शेवटाचाही बंदोबस्त आहे. आमच्या आळीत बोहारीण अजून येते. पोरांनी एकदा नकोसे झालेले कपडे गोळा करून खाली आणले, खोलीवर मॅगी करायला पातेलं हवं म्हणून. बाई पायरीवर बसली. टी-शर्टांचे गळे ताणून बघितले, एक कार्गो झटकली आणि खिशात हात घालून सहाही खिसे तपासले. मग ती जीन्स उचलली. पायातून हात घालून गुडघ्याच्या भोकातून बोटं बाहेर काढली आणि पोरांकडे नुसतं पाहिलं.

"मावशी, ती फाटलेली नाही, तशीच येते," लातूरकर म्हणाला.

"मग आणायची कशाला?" म्हणून तिनं ती बाजूला टाकली आणि उरलेल्या ढिगाबदल्यात चहाची गाळणी पुढे केली. पातेलं शेवटी मिळालं, पण त्यासाठी काकूंना आतून यावं लागलं, आणि त्यांच्या दोन जुन्या साड्या गेल्या. फाटकी जीन्स परत वर गेली. सध्या तिनं यवतमाळकर सायकल पुसतो.

एका कपड्याला मात्र बोहारणीचं भय नाही. तो म्हणजे ब्लेझर.

प्लेसमेंट जवळ आली की कॉलेजात 'फॉर्मल्स कंपल्सरी' अशी नोटीस लागते. बरासा ब्लेझर तीन-चार हजारांच्या आत येत नाही, आणि एवढी झेरॉक्स कुठलाही बाप मान्य करणार नाही. तेव्हा सांगलीकरानं गच्चीवर दोन्ही खोल्यांची सर्वसाधारण सभा बोलावली. साखर कारखान्यांच्या मुलखातला मुलगा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारातून उसाचं जे केलं, ते यानं कोटाचं केलं. आठ सभासद, चारशेचा एकेक शेअर. नेव्ही ब्लू, साइज चाळीस. चेअरमनपदी सांगलीकर बिनविरोध. खजिनदार जळगावकर, कारण बी.कॉम. मागच्या खोलीतले दोघे एमपीएससीचा अभ्यास करतात. मुलाखतीपर्यंत पोचायला त्यांना किती वर्षं लागतील ते आयोगालाही सांगता येणार नाही, तरी त्यांनी शेअर घेतले. दीर्घ मुदतीची ठेव.

पोटनियम एका वहीच्या मागच्या पानावर आहेत. ब्लेझर घालून मेसला जायचं नाही. चहा चालेल, पण हात लांब करून. मुलाखती एकाच दिवशी आल्या तर पहिला हक्क मोठ्या पॅकेजवाल्याचा, असं कलम जळगावकरानं सुचवलं होतं. त्यावर लातूरकरानं मराठवाड्यावरच्या अन्यायाचा विषय काढला आणि सभा रात्री साडेबारापर्यंत लांबली. शेवटी वेळेनुसार ठरलं. ड्रायक्लीनचा खर्च ज्याला नोकरी लागेल त्यानं द्यायचा, न लागणाऱ्याला माफ. अशी न्याय्य तरतूद मी आमच्या सोसायटीच्या पोटनियमांतही पाहिली नाही.

कॉलेजं वेगळी असल्यामुळे तारखा सहसा आपटत नाहीत. एकदा आपटल्या. लातूरकराची मुलाखत अकराला, यवतमाळकराची दोनला, दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात. जळगावकर गेटबाहेर स्कूटर चालू ठेवून उभा. लातूरकर बाहेर आला, ब्लेझर उतरवला, तो घडी घालून सीटवर, आणि पावणेदोनला यवतमाळकराच्या अंगात. याचे हात लांब. बाही मनगटाच्या दोन बोटं अलीकडेच थांबली. घाबरून त्यानं हात खिशात घातले, तर आत लातूरकरानं स्वतःची ओळख करून द्यायला पाठ केलेला कागद. यवतमाळकराला स्वतःचं काही आठवेना, म्हणून त्यानं तोच वाचून घेतला. आत गेल्यावर गाव कोणतं सांगितलं ते तो अजून कबूल करत नाही. नोकरी मात्र लागली. लातूरकराला पुढच्या महिन्यात, दुसऱ्या कंपनीत. ड्रायक्लीनचे पैसे दोघांनी वाटून दिले.

यंदा चौघेही पास होऊन जातील. शेअर नव्या पोरांना दर्शनी किमतीला विकायचे, असा ठराव झाला आहे. झीज धरून कमी करा, अशी उपसूचना आली होती, ती चेअरमननी फेटाळली. वापरलेल्या ब्लेझरला दोन नोकऱ्यांचा पायगुण आहे, तो नव्या ब्लेझरला कुठून असणार, असा त्यांचा मुद्दा.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी पुण्याला शिकायला येणार असेल तर कळवा. जूनपासून चार कॉट रिकाम्या होताहेत. पाणी दोन वेळ, गच्चीवर दोरी, ब्लेझरचा शेअर वेगळा. कॉलेज कुठलंही चालेल, एकाचं दुसऱ्यासारखं नको. छाती तेवढी चाळीस असू द्या.